वाणीचें माहेरघर

मनुष्य श्वास घेतो तितक्याच सहजतेनें बोलतो. आणि धाप लागल्यावांचून जसा तो श्वासाचा विचार करीत नाहीं, तसा वाचा खुंटल्यावांचून वाणीचाही विचार करीत नाहीं. ज्यांची घरची भाषा एक, बाजारची दुसरी व शाळेची तिसरी, त्यांस तर ह्यांत कांहीं नवल आहे असें वाटतही नाहीं. आमच्या ह्या मिरजेकडील एखादा मुलगा आईला कानडींत हांक मारतो, शेजारच्या मुलाशीं मराठींत भांडतो, आणि वर्गांत गणिताचें उत्तर इंग्रजींत देतो. आणि हें सर्व एका तासाच्या आंत घडतें. ह्या तीन भाषा त्याच्या लहानशा डोक्यांत राहतात कोठें, राहतात कशा, आणि एकमेकींच्या पायांत येत कशा नाहींत, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला होता. त्याविषयीं जें कांहीं वाचनांत आलें व जें घरीं प्रत्यक्ष पाहावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न केवळ कुतूहलाचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पुष्कळ सुज्ञ माणसांचीही अशी समजूत असते कीं, मेंदू म्हणजे ठरीव मापाचें एक भांडें आहे; त्यांत एक भाषा अधिक ओतली कीं दुसरी तितकीच बाहेर सांडावयाची. ही समजूत खरी असेल, तर इंग्रजीसाठीं घरची भाषा सोडून देणें हाच शहाणपणा ठरेल. ती खोटी असेल, तर तिच्यापायीं अनेक घरांतून आजी व नातवंडें एकमेकांस विनाकारण मुकत आहेत, असें म्हणावें लागेल. म्हणून आधीं मेंदूंतच डोकावून पाहूं.

मेंदूंतील वाणीचें स्थान शोधून काढण्याचा मान फ्रान्स देशांतील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका ह्यांस देण्यांत येतो. पॅरिस शहराजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयांत लबोर्न नांवाचा एक रोगी २१ वर्षें राहत होता. दुसऱ्याचें बोलणें त्यास समजे. परंतु कांहींही विचारलें तरी त्याच्या मुखांतून 'तां, तां' एवढेंच निघे. फार संताप आला म्हणजे मात्र एक शिवी तो खणखणीत उच्चारी! १८६१ सालच्या एप्रिल महिन्यांत तो वारला. ब्रोकांनीं त्याचा मेंदू तपासून पाहिला, तेव्हां डाव्या कपाळामागील भागाच्या खालच्या बाजूस तो नासलेला आढळला. पुढें असेच आणखी रोगी पाहून, १८६५ सालीं, आपण मेंदूच्या डाव्या अर्धानें बोलतों असा सिद्धांत त्यांनीं मांडला. त्यानंतर ९ वर्षांनीं, म्हणजे १८७४ सालीं, जर्मनींतील कार्ल वेर्निके ह्या अवघ्या २६ वर्षांच्या वैद्यानें ह्याच्या उलट प्रकारचे रोगी वर्णिले. हे रोगी घडाघडा बोलत, पण त्यांच्या बोलण्यांत अर्थ नसे, व दुसऱ्याचें बोलणेंही त्यांस उमगत नसे. त्यांच्या मेंदूंतील जखम डाव्या कानाच्या वरच्या व मागच्या बाजूस होती. तेव्हांपासून, एक स्थान बोलण्याचें व एक समजण्याचें, अशी सुटसुटीत वांटणी होऊन बसली.

ही वांटणी आजही पुस्तकांतून आढळते. परंतु ती आतां अपुरी ठरली आहे. लबोर्नचा मेंदू पॅरिसच्या एका संग्रहालयांत जपून ठेविलेला होता. २००७ सालीं, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांनीं, चुंबकीय यंत्राच्या साहाय्यानें त्याचीं आंतील चित्रें घेण्यांत आलीं. आणि ब्रोकांस वरून दिसली त्याहून जखम पुष्कळच खोल गेली होती, असें दिसून आलें. निरनिराळ्या भागांस जोडणारे जे मज्जातंतूंचे जुडगे मेंदूच्या आंतून धांवतात, तेही तुटलेले होते. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते, ती ही कीं, वाणी एकाच जागीं बसून राहत नाहीं. दृष्टांतच द्यावयाचा तर असें म्हणतां येईल कीं, पत्र पोहोंचविण्याचें काम कोणत्याही एका पोस्ट ऑफिसाचें नसून सबंध टपालखात्याचें असतें. कचेऱ्या शाबूत असून रस्ते बंद पडले तरी पत्र पोहोंचत नाहीं. उजव्या हातानें लिहिणाऱ्या १०० माणसांपैकीं ९० हून अधिक माणसांत ह्या टपालखात्याचा मुख्य कारभार डाव्या अर्धांत चालतो. डावखुऱ्यांतही बहुतेकांचा तसाच असतो. मुक्याबहिऱ्यांची हातवाऱ्यांची भाषा घेतली, तरी तीही मुख्यत्वें डाव्या अर्धाच्याच आश्रयानें चालते. म्हणजे तें स्थान जिभेचें किंवा कानाचें नव्हे, तर भाषेचें आहे.

हा कारभार किती वेगानें चालतो, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. साधारण संभाषणांत माणूस एका सेकंदास २ ते ३ शब्द बोलतो. प्रत्येक शब्द हजारों शब्दांच्या भांडारांतून शोधावयाचा, त्यास विभक्तीचे प्रत्यय लावावयाचे, त्याचे वर्ण क्रमानें मांडावयाचे, आणि मग ओंठ, जीभ, टाळू, कंठ व छाती ह्यांच्या स्नायूंस एकाच वेळीं आज्ञा सोडावयाची! दोन माणसें गप्पा मारीत असतां एकाचें बोलणें संपून दुसऱ्याचें सुरू होण्यास सरासरीनें १/५ सेकंद पुरतें. आणि एक शब्द मनांत जुळवून उच्चारण्यासच १/२ सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेव्हां समोरच्याचें बोलणें ऐकत असतांनाच आपण उत्तर जुळवूं लागलेले असतों, हें उघड आहे. वर्गांत प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर करणाऱ्या आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस हें वाचून समाधान वाटेल!

आतां ही विद्या मूल शिकतें कधीं? उत्तर असें आहे कीं, पाळण्यांत. किंबहुना त्याच्याही आधीं. १९८४ सालीं कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांस त्यांनीं हिंदींतील 'त' व 'ट' ह्यांसारखे ध्वनि ऐकविले. ६ ते ८ महिन्यांच्या मुलांस हा भेद कळे. परंतु १० ते १२ महिन्यांचीं होईतों त्यांच्यांतील बहुतेकांस तो कळेनासा होई. ज्या भेदाचा घरीं उपयोग नाहीं, तो मेंदू टाकून देतो. जुन्या काळचा साहेब 'तुम' चा 'टुम' कां करी, हें कोडें येथें सुटतें. त्याची जीभ आळशी नव्हती, त्याच्या कानानेंच पाळण्यांत असतांना त्या भेदाचा निरोप घेतलेला होता. उलट, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्यांच्या माता गरोदरपणीं इंग्रजी व फिलिपाइन्स बेटांतील तागालोग अशा दोन्ही भाषा नेमानें बोलत, त्यांचीं नवजात अर्भकें दोन्ही भाषांकडे सारख्याच ओढीनें कान देत, व तरीही त्या दोन भाषा निरनिराळ्या आहेत हें ओळखीत. म्हणजे दोन भाषांनीं मूल गोंधळून जाईल हें भय थोरांचें आहे. मुलाचें तें नाहीं.

मग ह्या दोन भाषा मेंदूंत राहतात कशा? दोन बिऱ्हाडें असतात, कीं एकच? १९९७ सालीं न्यू यॉर्क येथील संशोधकांनीं दोन भाषा जाणणाऱ्यांच्या मेंदूचीं, ते मनांत बोलत असतां, चित्रें घेतलीं. ज्यांनीं दोन्ही भाषा बाळपणींच उचलल्या होत्या, त्यांच्यांत ब्रोकांच्या भागांत दोहोंची जागा एकच दिसली. ज्यांनीं दुसरी भाषा मोठेपणीं मिळविली, त्यांच्यांत त्याच भागांत शेजारीं शेजारीं दोन जागा दिसल्या. पुढील संशोधनावरून असें ठरत आलें आहे कीं, दुसरी भाषा जसजशी चांगली अवगत होत जाते, तसतशी ती पहिलीच्याच घरांत वावरूं लागते. तेव्हां भांड्याचा दृष्टांत सोडून द्यावा. येथें एकीची जागा दुसरी बळकावीत नाहीं. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करितात.

एकाच चुलीवर दोघी आल्या म्हणजे थोडी धक्काबुक्की व्हावयाचीच, आणि ती होतेही. दोन भाषा जाणणाऱ्याची एक भाषा बोलण्यांत असतां दुसरी झोंपीं गेलेली नसते. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, रशियन व इंग्रजी जाणणाऱ्या माणसांस रशियन भाषेंत 'टपालाचें तिकीट उचला' असें सांगण्यांत आलें. तिकिटास रशियन भाषेंत 'मार्का' म्हणतात. तेथेंच इंग्रजींत ज्याला 'मार्कर' म्हणतात ती जाड लेखणीही ठेविलेली होती. कान रशियन ऐकत होते, तरी डोळे क्षणभर त्या लेखणीकडे वळत! आमच्याकडेही 'ऊर' म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनांत छाती उभी राहते, आणि कानडी माणसाच्या मनांत गांव. दोन्ही भाषा ज्याच्या घरच्या आहेत, त्याच्या मनांत क्षणभर दोन्ही चमकून जात असतील. ह्यांतून योग्य तो शब्द निवडून दुसरा मागें सारण्याचें काम मेंदूचा पुढचा भाग व आंतील कांहीं खोल केंद्रें करितात. आणखी एक गंमत अशी कीं, कच्च्या भाषेंतून पक्क्या भाषेंत परत येण्यासच अधिक वेळ लागतो. कारण कच्ची बोलतांना पक्कीला अधिक जोरानें दाबून धरावें लागलेलें असतें. इंग्रजीच्या तासानंतर घरीं जातां जातां मराठी शब्द जिभेवर येतां येत नाहीं, असा अनुभव पुष्कळांस असेल. तो भाषा विसरल्याचें लक्षण नव्हे.

ह्या सोयीची किंमत नाहीं असें नाहीं, आणि ती लपवूनही ठेवूं नये. दोन भाषा जाणणाऱ्यांस वस्तूचें नांव सांगावयास किंचित् अधिक वेळ लागतो. शब्द ओंठांवर येऊन अडल्याचे प्रसंगही त्यांस जरा अधिक येतात. लहान मुलांची एकेका भाषेंतील शब्दसंख्या मोजली तर ती थोडी कमी भरते. परंतु दोन्ही भाषांची बेरीज केली म्हणजे ती इतर मुलांच्या बरोबरीला येते. किंमत आहे ती एवढीच.

हें सर्व पुस्तकी ज्ञान झालें. त्याचा घरीं आलेला प्रत्यय आतां सांगतों. आमची आजी अथणीकडची. तिच्या माहेरची भाषा कानडी. लग्न होऊन मिरजेस आल्यावर ती मराठी शिकली, आणि पुढें साठ वर्षें दोन्ही भाषा तिच्या जिभेवर नांदल्या. वयाच्या ७६ व्या वर्षीं तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याबरोबर वाचाही गेली. तिला समजे सगळें. पण बोलूं गेली तर एखादें अर्धेमुर्धें अक्षर निघे, आणि डोळ्यांना पाणी येई. त्या वेळीं एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं आमच्या मातोश्रींस बजाविलें कीं, "ह्यांच्याशीं आतां मराठींतच बोला, दोन भाषांनीं डोक्यांत गोंधळ होईल." मातोश्रींनीं तें ऐकून घेतलें मात्र. त्या म्हणाल्या, "आईचें निम्में आयुष्य एका भाषेंत आहे आणि निम्में दुसरींत. त्यांतलें कोणतें मीं बंद करूं?" आणि त्या पूर्वीप्रमाणेंच दोन्ही भाषांत तिच्याशीं बोलत राहिल्या.

दहाव्या कीं अकराव्या दिवशीं, धाकटीच्या बाळास पाळण्यांत निजविलें असतां, आजीच्या अंथरुणाकडून आवाज आला. ती कानडी जोगूळ गात होती. शब्द अस्पष्ट होते, पण सबंध होते. जिला 'पाणी' असा एक शब्द मागतां येत नव्हता, ती चार ओळी गात होती! घरांतील मंडळींस हा चमत्कारच वाटला. आम्हीं पुढें वाचलें तेव्हां कळलें कीं, असें पुष्कळ रोग्यांत दिसतें. सूर, ताल व तोंडपाठ वचनें ह्यांस मेंदूच्या उजव्या अर्धाचाही आधार असतो; लबोर्नची ती शिवीही कदाचित् ह्याच आडवाटेनें बाहेर पडत असावी. त्यानंतर हळूहळू शब्द येऊं लागले. आणि नवल असें कीं, 'पाणी' व 'नीरु' हे दोन्ही एकाच आठवड्यांत आले. कधीं कधीं तर ती एका दमांत दोन्ही म्हणे, आणि स्वतःच हंसे.

कोणती भाषा आधीं परत येते, ह्याविषयीं विद्वानांत जुना वाद आहे. फ्रेंच पंडित रिबो ह्यांनीं १८८१ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, स्मृतींतील जुनें तें टिकतें व नवें तें आधीं जातें. म्हणून बाळपणची भाषा अधिक चिवट ठरावी. १८९५ सालीं पीत्र ह्यांनीं म्हटलें कीं, आजाराच्या वेळीं जी अधिक वापरांत असेल ती आधीं परत येते. दोहोंचींही उदाहरणें सांपडतात. परंतु त्यानंतर जे अनेक रोगी पाहण्यांत आले, त्यांच्यांत बहुधा दोन्ही भाषा बरोबरीनेंच सुधारतात असें आढळतें. दोन भाषांचें बिऱ्हाड एक आहे, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा कोणता? आजीच्या आयुष्यांत माहेर व सासर हीं दोन निरनिराळ्या गांवीं होतीं; तिच्या मेंदूनें मात्र दोन्ही एकाच वाड्यांत ठेविलीं होतीं.

दोन भाषांनीं बुद्धि मंद होते, हा आरोपही येथें तपासला पाहिजे. १९२३ सालीं वेल्स प्रांतांतील सेअर नांवाच्या एका संशोधकानें खेड्यांतील दोन भाषा बोलणारीं मुलें बुद्धीच्या परीक्षेंत मागें पडतात असें लिहिलें, आणि तें मत पुष्कळ वर्षें प्रमाण मानलें गेलें. परंतु गरीब खेडुतांचीं मुलें व सुस्थितींतील मुलें ह्यांची तुलना केली, तर कमीपणा भाषेचा कीं परिस्थितीचा, हें कळणार कसें? १९६२ सालीं कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं पील व लँबर्ट ह्यांनीं १० वर्षांच्या सारख्या परिस्थितींतील मुलांची तुलना केली, तेव्हां दोन्ही भाषा चांगल्या जाणणारीं मुलें मागें तर पडलीं नाहींतच, उलट पुढें गेलीं.

उतारवयांतील एक गोष्ट तर आपल्या देशांतीलच आहे. हैदराबाद येथील निझामच्या वैद्यकीय संस्थेंत डॉ. सुवर्णा अल्लाडि व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रोग्यांची माहिती तपासली. त्यांपैकीं ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें, अशा लोकांस तो विकार सरासरीनें साडेचार वर्षें उशिरां जडला. आणि ज्यांस अक्षरओळखही नव्हती, अशांतही हा फरक दिसला. २०१६ सालीं त्यांनीं अर्धांगवायूच्या ६०८ रोग्यांविषयीं लिहिलें. झटक्यानंतर ज्यांची विचारशक्ति शाबूत राहिली, असे रोगी बहुभाषी मंडळींत शेंकडा ४०.५, व एकभाषी मंडळींत शेंकडा १९.६ होते. वाचा जाण्याचें प्रमाण मात्र दोहोंत सारखेंच होतें. ह्यावरून, दुसरी भाषा ही रामबाण मात्रा आहे असें कोणीं समजूं नये. बुद्धीस ह्यापासून विशेष लाभ होतो हें मत अन्य देशांतील कांहीं संशोधकांच्या प्रयोगांत टिकलेलें नाहीं, आणि वाद अजून चालू आहे. आम्ही फायद्याचा दावा सांगत नाहीं. हानीचा आरोप टिकत नाहीं, एवढेंच सांगतों.

आणि आपल्या लोकांस हें सांगावयास परदेशचे पंडित तरी कशाला हवेत? १९७१ सालीं गंपर्झ व विल्सन ह्या दोघां अभ्यासकांनीं कुपवाडविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. हें गांव आमच्या मिरजेपासून थोड्याच मैलांवर असून १९९८ सालापासून सांगली व मिरज ह्यांच्याबरोबर एकाच महानगरपालिकेंत आहे. तेथें मराठी, कानडी व उर्दू ह्या भाषा पिढ्यानुपिढ्या शेजारीं शेजारीं बोलल्या जात होत्या. त्यांस असें आढळलें कीं, शब्द तिन्ही भाषांचे निरनिराळेच राहिले होते, परंतु वाक्यांची घडण इतकी एकसारखी झाली होती कीं, एका भाषेच्या वाक्यांतील शब्दांच्या जागीं दुसरीचे शब्द ठेविले तरी वाक्य बिनचूक उभें राही. त्याच सुमारास, १९७२ सालीं, भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित ह्यांनीं मुंबईंतील एका गुजराथी मसाल्याच्या व्यापाऱ्याचें उदाहरण दिलें. तो घरीं गुजराथी, भाजीबाजारांत मराठी, दूधवाल्याशीं हिंदी, व्यापारांत कच्छी व कोंकणी, आणि क्वचित् प्रसंगीं इंग्रजी बोले. त्याच्या मेंदूंत जागा अपुरी पडली, अशी तक्रार त्यानें केल्याचें ऐकिवांत नाहीं!

गेल्या वर्षीं पालकांच्या भेटीच्या दिवशीं एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, मुलीचें इंग्रजी सुधारावें म्हणून घरांत कानडी बंद करावी म्हणतों. तुमचें मत काय?" त्यांच्याबरोबर त्यांच्या वृद्ध मातोश्री होत्या, त्यांस कानडीवांचून दुसरी भाषा येत नव्हती, व आमचें काय चाललें आहे हेंही कळत नव्हतें. वर जें लिहिलें आहे तेंच आम्हीं त्यांस थोडक्यांत सांगितलें, आणि पुढें म्हटलें, "मुलीचें इंग्रजी आम्ही शाळेंत पाहून घेऊं. घरीं तिला आजीशीं पोटभर बोलूं द्या. तीं दोन कामें एकमेकांच्या आड येत नाहींत." गृहस्थ विचारी होते, त्यांनीं ही गोष्ट मानली.

असो. लेख अपेक्षेपेक्षां लांबला. मेंदूचें वजन सुमारें सव्वा ते दीड किलो, आणि त्यांतील मज्जापेशींची संख्या सुमारें ८,६०० कोटी; एवढ्या विस्तीर्ण घरांत एका भाषेस जागा देण्यासाठीं दुसरीस दाराबाहेर काढण्याचें कारण नाहीं. परंतु हें घर वापरानें उघडें राहतें. 'त' व 'ट' ह्यांतील भेद जसा ऐकावयास न मिळाल्यानें त्या परदेशी बाळांस दुरावला, तशी बोलावयास न मिळालेली भाषाही हळूहळू दुरावते. म्हणून आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस एवढीच विनंती आहे कीं, इंग्रजी मन लावून शिका. मराठी शुद्ध लिहा. आणि कानडी, उर्दू, कोंकणी, मारवाडी, जी कोणती भाषा तुमच्या आईच्या तोंडून तुम्हीं प्रथम ऐकिली असेल, ती घरांतील वडीलधाऱ्यांशीं रोज बोलत जा. ती बोलण्यास तुमच्या मेंदूची मुळींच हरकत नाहीं.